सावडीतले निबंध

युसूफ वडगाव
२२ जुलै २०२४

ती. धर्मराजमामा,

पाया पडते. परवा फोन केला तर तुम्ही मला गॅसवाला समजलात. "पुढच्या आठवड्यात आणा, अजून भरलेलं आहे," म्हणून ठेवून दिलात. कानातलं यंत्र लावायला काय होतं हो तुम्हाला? पण तुमचं आपलं ठरलेलं उत्तर, ऐकू कमी यायला लागल्यापासून जग फार सुधारलंय. तेव्हा आता पत्रच लिहिते.

बातमी आनंदाची आहे. आमच्या ज्युनियर कॉलेजात यंदा एक प्रयोग सुरू झालाय. अंबाजोगाईच्या एका महाविद्यालयाने पदवीच्या पहिल्या वर्षाचा इंग्रजीचा पेपर आमच्या बारावीतल्या निवडक मुलांना इथेच शिकवायची परवानगी दिली आहे. मूल पास झालं तर तो पेपर बारावीतही धरला जाणार आणि पदवीचे क्रेडिटही आत्ताच त्याच्या नावावर जमा होणार. एका नांगरटीत दोन पिकं म्हणा ना. आणि शिकवणार कोण, तर तुमची भाची! लहानपणी तुम्ही मला ओट्यावर बसवून इंग्रजी वाचायला लावायचात तेव्हा मी रडायचे, ते आता वसूल होतंय.

चारच मुलं निवडली आहेत. सोमनाथ आणि बबिता हे मेंढपाळांच्या घरातले चुलतभाऊबहीण, सत्यम शेतकऱ्याचा, आणि शिवकन्या. शिवकन्येचे आईवडील दर साली ऊस तोडायला जातात. लहानपणी तिचं एक वर्ष फडातच गेलं, म्हणून ती बाकीच्यांपेक्षा मोठी आहे, नुकतीच अठरा पूर्ण झाली. तिचे वडील आदिनाथभाऊ मला स्पष्टच म्हणाले, "बाई, कॉलेजचा पेपर तिनं बारावीतच काढला, तर मी तिला अंबाजोगाईला शिकाया ठिवीन. न्हाई निघाला तर लगीन करून मोकळा होतो. जोडी लागली की तिचा कोयता तिला." तुम्हाला माहीतच आहे, उसाच्या कामावर नवराबायको मिळून एक कोयता धरतात. एकट्या माणसाला तिथे कोण विचारतो?

मुलांचे पहिले निबंध सोबत पाठवते आहे. विषय होता, गाव सोडावं की गावात राहावं. वाचून बघा आणि मग मला सांगा की युसूफ वडगावच्या मुलांना कॉलेजचं इंग्रजी झेपत नाही.

तुमची,
मंगल


धारूर
२ ऑगस्ट २०२४

चि. मंगल,

खूप आशीर्वाद, आणि त्यामागून थोडं कडू.

निबंध वाचले. चांगले आहेत. इतके चांगले आहेत की मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. चौघांनी चार वेगवेगळी मतं मांडली आहेत, पण चालण्याची ढब एकच. प्रत्येक जण आधी समोरच्याला मान देतो, त्याला बाजेवर बसवतो, पाणी देतो आणि मग हळूच त्याची बाज उचलतो. चार मुलांना एकाच महिन्यात अशी एकच खोड लागत नाही. या चारही निबंधांत एकच हात आहे, आणि तो माझ्या ओळखीचा आहे असा मला दाट संशय येतो.

पोरी, तुझी कळकळ मला कळते. त्या मुलीच्या लग्नाचं ऐकून माझाही जीव हलला. पण मुलाला पुढं न्यायचं म्हणजे त्याला कडेवर घेऊन पळायचं नसतं. तू त्यांचे निबंध लिहून दिलेस, तर पुढच्या वर्षी अंबाजोगाईत ती तोंडावर पडतील आणि तू इथून बघत राहशील.

रागावू नकोस. आणि रागावलीस तरी पत्र लिही.

तुझा मामा,
धर्मराज

ता. क. गॅस संपला.


युसूफ वडगाव
३० ऑगस्ट २०२४

ती. मामा,

रागावलेच होते. तुम्हाला उत्तर द्यायचंच नाही असं ठरवलं होतं. ज्या माणसाने मला शिकवलं त्यानेच माझ्यावर असा आळ घ्यावा? मी त्या मुलांच्या निबंधात एक शब्दही घातलेला नाही. दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही, आणि ह्यांनाही लागू दिलं नाही.

पण आता तुमच्यावर रागवायला तोंड राहिलं नाही. तपासायला पाठवलेले हेच निबंध वाचून अंबाजोगाईहून विभागप्रमुख भागवत सरांचं पत्र आलंय. तुम्हाला दिसलं तेच त्यांनाही दिसलं. चारही निबंध एकमेकांवरून उतरवलेले आहेत, सबब चौघांची नावं या अभ्यासक्रमातून का काढू नयेत, असं त्यांनी विचारलंय.

मी चौघांना उभं केलं. माझा आवाज इतका चढला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. तिघं खाली बघत होते. शिवकन्या मात्र सरळ माझ्याकडे बघत म्हणाली, "मॅडम, आमी नक्कल न्हाई केली. आमी सावड केली."

"सावड?" मी म्हटलं.

"व्हय. पैल्या दिवशी सोमनाथचा निबंध. चौघंबी त्येच्या वट्ट्यावर बसलो आन त्येचा उरकला. दुसऱ्या दिवशी बबिताचा. मंग सत्यमचा, मंग माझा. ज्येचा निबंध त्येचं मत, पर हात सगळ्यांचे. आज तुमी माझ्या रानात खुरपाया या, उद्या मी तुमच्या रानात. तसंच की."

"पण प्रत्येकाने आपापला लिहायचा असतो गं!"

"आपापलाच हाय की. माझं रान चौघांनी खुरपलं म्हून काय ते चौघांचं झालं व्हय? आन चोरून कावून करू आमी? गावासमोर वट्ट्यावर बसून केलं."

मामा, मला हसावं की रडावं ते कळेना. मी त्यांना कॉलेजचे सगळे नियम शिकवले. पुस्तकातून घेतलं तर नाव द्या, इंटरनेटवरून उचलू नका. पण निबंधाला सावड चालत नाही हे सांगायचं मला सुचलंच नाही. आपल्याकडे पेरणी, काढणी, घरावरचे पत्रे, सगळं सावडीने होतं. जे काम अवघड, ते चौघांनी मिळून करायचं, हेच या मुलांना जन्मापासून माहीत. आणि कॉलेजचा निबंध हे त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम होतं.

आदिनाथभाऊंना मी अजून काही सांगितलेलं नाही. धीरच होत नाही.

मंगल


धारूर
५ सप्टेंबर २०२४

चि. मंगल,

आज शिक्षकदिन. मी तुझ्यावर खोटा आळ घेतला, तो मागे घेतो. हात एकच आहे म्हणालो. निघाले चार जोड. चुकलो.

सावडीचं वाचून मी इतका हसलो की शेजारच्या मंजुळाबाई काठी घेऊन बघायला आल्या. हसून झाल्यावर मात्र वाटलं, उभा जन्म इंग्रजी शिकवलं, पण माझ्या वर्गातली मुलं एकमेकांसाठी इतकी कधी राबली नाहीत.

तरीही भागवतचं चुकलेलं नाही. रान चौघांनी खुरपावं. पण पदवीच्या कागदावर नाव एकाचंच असतं, आणि उद्या नोकरीच्या दारात ती मुलगी एकटीच उभी राहणार आहे. तिला एकटीला लिहिता येतं हे एकदा तरी दिसलं पाहिजे.

भागवत माझा विद्यार्थी. मी त्याला लिहिलं, तो कबूल झाला. ७ ऑक्टोबरला चौघांनी अंबाजोगाईला यायचं आणि एकेकट्याने नवा निबंध लिहायचा. त्यावरच या पेपरचा निकाल लागेल. लिहून झालं की ज्याने त्याने बाहेर जायचं, वेळेचं बंधन नाही. देखरेखीला मी बसावं असा त्याचा आग्रह आहे. पण मी तुझा मामा, उद्या कुणी बोट दाखवायला नको. म्हणून पेपर तिसराच माणूस तपासेल आणि खोलीचं दार सताड उघडं राहील, बाहेर कुणीही बसावं आणि बघावं.

आणि आदिनाथरावांना सांगून टाक. बापाला बाहेरून कळलं तर पोरीचं अजून वाईट होईल.

मामा


युसूफ वडगाव
२० सप्टेंबर २०२४

ती. मामा,

सांगितलं. आदिनाथभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजी पोरीनं कापी केली?" मी सावडीचं सांगितलं. ते त्यांना लगेच पटलं, मान हलवली. पण पुढे म्हणाले, "बोली ती बोली, बाई. पेपर निघाला तर निघाला. त्या दिवशी मी सवता तिला घिऊन येतो." कौशल्याबाई, म्हणजे शिवकन्येची आई, दारात उभ्या होत्या. त्यांनी मला चहाला थांबवलं.

आता खरी अडचण ऐका. रोज एकेकाला रिकाम्या वर्गात बसवून सराव घेते आहे. निबंधाचा प्रकार भागवत सरांनी कळवलाय: ज्याचं म्हणणं आपल्याला पटत नाही त्याची बाजू आधी प्रामाणिकपणे मांडायची, आणि मगच आपली. सोमनाथ, बबिता, सत्यम अडखळत का होईना, लिहितात. शिवकन्येचा कागद कोराच राहतो. हुशार तीच सगळ्यांत जास्त, आणि तीच बसून राहते.

मी विचारलं, तुम्ही चौघं बसायचात तेव्हा तू काय करायचीस? तर कळलं, सोमनाथ मुद्दे काढायचा, सत्यम शब्दकोशात बघायचा, बबिता लिहायची. शिवकन्या बोलायची. बोलता बोलता तिला सुचत जायचं.

"एकटीनं न्हाई होत, मॅडम," ती म्हणाली. "खुरपायला एकटं बसलं की आपल्या वाट्याची पात सरतच न्हाई. शेजारच्या पातीवर कुणीतर लागतं. काम त्येनं न्हाई केलं तरी चालतं, नुसतं असावं."

दुसरंही एक आहे. तिने बाजू निवडलीय ती वडिलांची, लग्न का करावं याची. मी म्हटलं दुसरा विषय घे, मोबाईल घे, काहीही घे. ऐकत नाही. "न पटणारं मला येवढंच हाय," म्हणते. मामा, मला फार भीती वाटते. भिंतीसमोर बसून ती लिहायची नाही, आणि तिच्याशेजारी कुणाला बसवलं तर ती पुन्हा कॉपी ठरणार.

मंगल


धारूर
२६ सप्टेंबर २०२४

चि. मंगल,

मी बघतो. तू फक्त तिला पोटभर खाऊ घालून आण.

मामा


धारूर
८ ऑक्टोबर २०२४

चि. मंगल,

काल तू बाहेर, मी आत. माझ्या बाजूची हकिगत लिहितो, तुझ्या बाजूची तू लिही. घाईत बस गाठल्यामुळे बोलणं झालंच नाही. झालं असतं तरी मला कुठे ऐकू आलं असतं!

खोलीत शिरताच मी कानातलं यंत्र काढलं आणि भागवतच्या टेबलावर ठेवलं. तो बावरला. मी म्हटलं, आता पोरांनी मला काही विचारलं तरी मी सांगू शकत नाही, आणि एकमेकांत बोलली तर तू आहेसच. चौघांना चार कोपरे दिले. तिघं लिहिती झाली. सोमनाथ पेन चावत होता, सत्यमच्या कपाळाला घाम होता, पण गाडं चाललं. शिवकन्या जशी बसली तशीच. एकेक करून तिघंही पेपर देऊन गेली. तिच्या कागदावर फक्त नाव होतं.

तेव्हा मी माझी खुर्ची उचलली आणि तिच्यासमोर जाऊन बसलो. म्हटलं, "बोल." ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिचे ओठ हलले, "सर, तुमाला ऐकू येत न्हाई ना?" एवढं मला ओठांवरून कळलं. मी मान हलवली, नाही.

मग ती बोलायला लागली. काय बोलली देव जाणे. आधी मराठीत बोलायची, थांबायची, आणि मग कागदावर इंग्रजी उतरवायची. मी मधूनमधून मान डोलावत होतो. न ऐकता मान डोलावणं ही कला मी विभागाच्या बैठकांमध्ये कमावलेली आहे, ती काल प्रथमच कुणाच्या उपयोगी पडली. एकदा तिचे डोळे भरले. एकदा तिने माझ्याकडे बोट करून असं काही विचारलं, जणू मीच तिचा बाप आहे. मी मान डोलावली. बरोबर ठिकाणी डोलावली की चूक, कुणास ठाऊक.

भागवत उठून आला आणि फळ्यावर खडूने लिहून मला दाखवलं, "सर, ती बोलते आहे." मी त्याच्या हातातला खडू घेऊन खाली लिहिलं, "मला ऐकू येत नाही. तुला येत असेल तर तू बाहेर जा." बिचारा खरंच लांबच्या खिडकीशी जाऊन उभा राहिला.

तिने दोन कागद पाठपोट भरले. पेपर दिला, माझ्या पाया पडली आणि बाहेर गेली. मी यंत्र खिशात घालून बाहेर येतो तो तू, आदिनाथराव, कुणीच जागेवर नाही! ती मुलगी एकटीच बाकावर बसलेली. कुठे गेला होतात?

मामा


युसूफ वडगाव
११ ऑक्टोबर २०२४

ती. मामा,

तुम्ही आत काय केलंत ते तुम्हाला माहीत नाही. दार सताड उघडं ठेवायची अट तुमचीच ना? त्या दाराला लागूनच बाक होता. मी त्यावर बसले होते, आणि माझ्याशेजारी आदिनाथभाऊ. तुम्हाला एक शब्द ऐकू आला नाही. आम्हाला सगळा निबंध ऐकू आला, आणि तोही आधी मराठीतून.

आठवतं तसं लिहिते. ती वडिलांना दादा म्हणते. ती म्हणाली, "माझ्या दादाचं म्हणणं खोटं न्हाई. आमी सहा महिने फडात. घरी तरणी पोर एकली ठिवायची कुणाच्या जिवावर? बरुबर न्यावं तर फडातल्या कोपीला दार नसतं. नुसता पाचटाचा आडोसा. दादा दिवसभर ऊस तोडतो आन राती कोपीच्या तोंडाशी आडवा झोपतो. झोपतो कसला, कुत्रं हाललं तरी उठून बसतो. मी ल्हान व्हते तवापासून बगती. त्येला माझं लगीन करायची हौस न्हाई. त्येला एक रात नीट झोप पायजे."

आदिनाथभाऊ बाकावर बसल्या बसल्या पुढे वाकले. टोपी काढून हातात घेतली. मी म्हटलं, आत जायचं का? त्यांनी हाताने नको म्हटलं.

बराच वेळ आतून काही आवाज आला नाही. ती लिहीत असणार. मग ती पुन्हा बोलली, या वेळी तुमच्याशी, पण 'दादा' म्हणून. "पर दादा, लगीन केलं तर मला कोपीच मिळंल. तुझ्या जागी माझा नवरा आडवा झोपंल. उद्या माझी पोर मोठी झाली की तो तिच्यासाठी जागंल. मंग दार कुणी कवा करायचं? कॉलेजच्या वसतिगृहाला दार हाय. आतून कडी हाय. मला तिथं ऱ्हाऊ दे. मी कडी लावती, तू झोप. सांग दादा, माझं चुकतंय का?"

तुम्ही मान डोलावलीत म्हणता ती बहुतेक तिथेच. बरोबर की चूक ते मी सांगायला नको.

आदिनाथभाऊ एकदम उठले. मला वाटलं आता हा माणूस आत जाणार आणि तिला हाताला धरून घेऊन जाणार. पण ते मला म्हणाले, "बाई, पोरींचं वसतिगृह कुटं हाय?" मी त्यांच्यामागे जवळजवळ धावत गेले. तिथल्या बाईंना मी सगळं सांगितलं, त्यांनी एक रिकामी खोली उघडून दाखवली. आदिनाथभाऊंनी आत काहीच पाहिलं नाही. खाट नाही, खिडकी नाही. फक्त दार लावलं, कडी घातली, आतून खांद्याने ढकलून बघितलं. मला बाहेर उभं करून मला ढकलायला लावलं. मी सगळा जीव लावून ढकललं, मामा. दार हललं नाही.

मग कडी निघाली. डोळे पुसलेले होते. "कडी चांगली हाय," म्हणाले.

परत येताना रस्त्यात थांबून बोलले, "माझी बाजू तिनं माझ्यापरीस बरी मांडली. मला येवढं बोलाया आलं नसतं. आन तरीबी हारलो मीच." आणि थोड्या वेळाने, "निकाल कवा लागायचा ते लागू द्या. मी त्येची वाट बगत न्हाई."

काल कौशल्याबाई शिवकन्येची पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन आमच्याकडे आल्या. दिवाळी झाली की दोघं उसाला जाणार आणि बारावी संपेपर्यंत ती आमच्याकडे राहणार. ह्यांनी मागची खोली मोकळी करून दिली. आदिनाथभाऊ संध्याकाळी येऊन त्या दाराची कडी बदलून गेले. जुनी बरी होती असं मी म्हटलं, तर ऐकलं नाही.

मला तुमचा फार अभिमान वाटतो. पण यंत्र लावत जा.

मंगल


धारूर
१२ नोव्हेंबर २०२४

चि. मंगल,

निकाल तुला भागवतने कळवलाच असेल, तरी मला लिहू दे, माझा आनंद आहे. चौघंही पास. क्रेडिट जमा. बबिताला सर्वांत जास्त गुण. शिवकन्या जेमतेमच्या थोडी वर. तपासणाऱ्याने शेरा मारलाय की पहिली बाजू अतिशय प्रभावी, दुसरी जरा घाईत. त्याला काय माहीत, दुसरी बाजू तिने कुणासमोर मांडली! आदिनाथरावांना फडात फोन करून सांगितलंस ना?

परवा रविवारी सकाळी दार वाजलं. म्हणजे वाजलं असणार. मंजुळाबाईंनी येऊन सांगितलं. बघतो तर चौघंही दारात, हातात टोपल्या आणि खुरपी. सोमनाथने ओरडून सांगितलं, "सर, तुमी आमच्यासाठी एक दिस बसलात. आमी तुमची सावड फेडाया आलोय. काम सांगा." मी काय काम सांगणार? मागच्या सीताफळांकडे बोट केलं. तुझी मामी गेल्यापासून ती झाडावरच पिकून खाली पडतात, पाखरांची चंगळ. पोरांनी दुपारपर्यंत सगळी झाडं उतरवली. एक टोपली तुला पाठवली आहे, आधी मऊ झालेली खा.

तिघं झाडावर आणि शिवकन्या पायरीवर माझ्याशेजारी बसून फळं निवडत होती. मध्येच तिने माझ्या गुडघ्याला हात लावला आणि मी बघेन अशा बेताने सावकाश म्हणाली, "सर, त्या दिवशी मी काय बोलले, तुमाला खरंच काय ऐकू आलं न्हाई?"

मी मान हलवली, नाही.

"मंग पुन्हा सांगू? पैल्यापासून?"

मंगल, त्यात काय आहे ते तुझ्या पत्रातून मला सगळं ठाऊक होतं. तरी मी तिला थांब म्हटलं, आत गेलो आणि यंत्र कानात घालून आलो.

मामा